टाकी भरली, पण किती? जुन्या प्रियसमधून नेवाडा

माझी मावशी सॅक्रामेंटोला राहते आणि तिची प्रियस, म्हणजे टोयोटाची पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी, 2007 ची आहे. नवी घेतली तेव्हापासून तिच्याच हातात. उभी हयात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईची गाडी जशी असावी तशीच ती आहे: सीटवर डाग नाही आणि ग्लव्ह बॉक्समध्ये एक जाड वही. वहीत तारीख, मैल, गॅलन आणि शेवटच्या रकान्यात एखादाच शब्द. 'थंडी'. 'वारा'. 'पाहुणे'. एका पानावर नुसतं 'सुधीर चालवत होता' असं आहे आणि त्या ओळीतला ॲव्हरेज बघून सुधीरमामाला पुन्हा किल्ली का मिळाली नाही ते कळतं.

ऑक्टोबरअखेर आम्ही दोघींनी यूएस-50 ने नेवाडा आडवं पार करून ग्रेट बेसिन नॅशनल पार्क गाठायचं ठरवलं. 1986 साली 'लाइफ' मासिकाने या रस्त्याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं होतं. म्हटलं होतं नावं ठेवण्यासाठी, पण नेवाडाने त्याचीच जाहिरात केली आणि आता रस्त्याच्या कडेच्या पाट्यांवरही तेच बिरुद दिमाखात मिरवतं. फॅलन सोडलं की पुढचं गाव ऑस्टिन 110 मैलांवर, तिथून युरेका 70, तिथून ईली 77. मधे डोंगर, मधे सपाटी, पुन्हा डोंगर. लोक म्हणाले, भाड्याची गाडी घ्या. मावशी म्हणाली, "भाड्याच्या गाडीचा स्वभाव मला माहीत नाही. हिचा आहे."

शनिवार: सॅक्रामेंटो ते फॅलन

निघताना टाकी भरली. गाडीच्या माहितीपत्रकात टाकी 11.9 गॅलनची, म्हणजे 45 लिटरची. मावशीच्या वहीतला ॲव्हरेज 46-47 मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला साधारण 20 किलोमीटर. गुणाकार केला तर साडेपाचशे मैल होतात. ईलीच्याही पुढे जाण्याइतके. मी तो गुणाकार मोठ्याने केला.

"कागदावर," मावशी म्हणाली आणि आरसा नीट करत बसली. पुढचं स्पष्टीकरण तिने सोमवारपर्यंत राखून ठेवलं.

सॅक्रामेंटो समुद्रसपाटीपासून जेमतेम 30 फूट, आणि लेक टाहोच्या अलीकडचा एको समिट 7,382 फूट. अमेरिकन नदीच्या काठाकाठाने रस्ता चढत जातो, दरीत ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली. गाडीच्या मधल्या पडद्यावर दर पाच मिनिटांच्या ॲव्हरेजचा एकेक खांब उमटतो. सॅक्रामेंटोबाहेर खांब 50 च्या वर होते, चढ लागला तसे 30 वर आले, मग 24 वर. इंजिन दीड लिटरचं, 76 अश्वशक्तीचं. चढावर बॅटरी मदतीला येते, पण तिची ताकद थोड्या वेळापुरती. घाट संपेपर्यंत बॅटरीच्या चित्रात दोनच रेघा उरल्या आणि त्याही जांभळ्या झाल्या. मागे ट्रकांची रांग लागली की मावशी शांतपणे बाजूला घेते. चढावर तावातावाने गाडी दामटण्यात तिला काही अर्थ दिसत नाही.

टाहोच्या काठी मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं आणि थर्मासमधला चहा. पाणी इतकं निळं की फोटो काढला तर खोटा वाटावा. वारा बोचरा होता, म्हणून जेवण दहा मिनिटांत उरकलं.

खरी गंमत उतारावर. स्पूनर समिटपासून कार्सन सिटीपर्यंत रस्ता साधारण 2,300 फूट खाली येतो. मला वाटायचं की हायब्रिडला उतार म्हणजे फुकटची कमाई. मावशीने चालवता चालवता हिशेब घातला. दोघी, सामान आणि गाडी मिळून दीड टन वजन, उतार 700 मीटरचा, तर त्यात जवळपास 3 युनिट वीज दडलेली असते. आपण लाइटबिलात मोजतो तेच युनिट. या गाडीच्या बॅटरीत सगळं मिळून 1.3 युनिट मावतात. बॅटरी टिकावी म्हणून गाडी ती पूर्ण भरूही देत नाही नि पूर्ण रिकामीही करत नाही, मधला सुमारे 40 ते 80 टक्क्यांचा पट्टाच वापरते. म्हणजे हाताशी अर्धा युनिट. वाऱ्यात आणि टायरच्या घर्षणात काही जातं हे धरलं तरी उतार अर्धाही झाला नव्हता आणि बॅटरी हिरवीगार होऊन भरली. पडद्यावर एकेक छोटी हिरवी मोटार उमटत होती (एक मोटार म्हणजे युनिटचा विसावा भाग परत मिळाला), ती उमटायची थांबली. मग मावशीने गिअर 'बी' वर टाकला, इंजिन नुसतंच घरघरून गाडी रोखू लागलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी तुटलं असं वाटेल. काही तुटलेलं नसतं, ब्रेक तापू नयेत म्हणून ती सोय आहे.

जुनी प्रियस घेऊन लांब निघणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. मागच्या सीटच्या उजव्या बाजूला एक जाळी असते. बॅटरीला थंड ठेवणारी हवा तिथून आत जाते. जॅकेटं, उश्या, पिशव्या नेमक्या तिथेच कोंबल्या जातात. ती जाळी मोकळी ठेवा.

फॅलनला पोचलो तेव्हा संध्याकाळचे 65 अंश होते, म्हणजे 18 सेल्सिअस. नौदलाचा विमानतळ गावाला लागूनच, त्यामुळे डोक्यावरून विमानं कानठळ्या बसवत जात होती. टाकी पुन्हा भरली, नळी 'खट्' करून थांबेपर्यंत. 191 मैल, 4.1 गॅलन. भागाकार 46.6. सिएरा चढून उतरल्यावरही नेहमीइतकाच. मावशीने वहीत लिहिलं: 'घाट'.

रविवार: फॅलन, मिडलगेट, ऑस्टिन, युरेका

मोटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी कॉफी देता देता विचारलं, पूर्वेला चाललात का? हो म्हटल्यावर म्हणाल्या, पाणी घ्या, आणि अर्ध्या टाकीला अर्धी टाकी समजू नका. त्यांना प्रियसबद्दल काही ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांनाच असं सांगत असणार. मावशीला मात्र त्या फार आवडल्या.

गावापासून थोड्याच अंतरावर सँड माउंटन. सपाट खाऱ्या जमिनीतून अचानक उठलेली 600 फुटी वाळूची टेकडी. कोरडी वाळू घसरताना घुमल्यासारखा आवाज येतो असं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा वाळूवर चालवायच्या गाड्यांचाच इतका घुमारा चालला होता की टेकडीला बोलायची संधी मिळाली नाही.

मिडलगेटला जुनं, लाकडी, एकखोली वाटणारं हॉटेल आहे. पोनी एक्स्प्रेस या घोडेस्वारांच्या टपालसेवेच्या काळापासूनचा थांबा. आतल्या छताला येणाऱ्या-जाणाऱ्यांनी डॉलरच्या नोटा टाचून ठेवलेल्या, त्यांवर नावं. माणसाच्या चेहऱ्याएवढे बर्गर शेजारच्या टेबलावर येत होते. आम्ही शाकाहारी, म्हणून ग्रिल्ड चीज आणि बटाट्याचे तळलेले काप मागवले. काप मात्र अफलातून होते, जाड आणि साल न काढलेले.

तिथेच एक सायकलवाला भेटला, सायकलवर देश ओलांडणारा. वय साठीच्या आसपास, ओठ उन्हाने फाटलेले. तो गावागावांमधलं अंतर पाण्यात मोजत होता: ऑस्टिनपर्यंत इतके लिटर, वारा समोरून आला तर इतके. मावशीने त्याला विचारलं, बाटलीवर लिहिलेलं खरं धरतोस का? तो म्हणाला, थंडीत पाणी गोठतं तेव्हा बाटली भरलेली असून प्यायला काही नसतं. मावशी खूश होऊन माझ्याकडे बघायला लागली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या रस्त्याचं मात्र वर्णन करावं तितकं थोडं. एक खोरं, मग डोंगररांग, माथ्यावर वळणं, आणि पलीकडे दुसरं खोरं, त्यात वीस-वीस मैल सरळ रेषेत दिसणारा तोच रस्ता. या प्रदेशात पडलेलं पाणी समुद्राला मिळत नाही, खोऱ्यातच मुरतं नाहीतर उडून जातं, म्हणून याला ग्रेट बेसिन म्हणतात. सेजब्रशच्या झुडपांचा कडवट वास बंद काचेतूनही येत होता. वेगमर्यादा 70, मावशीचा काटा 60 वर. दर वीस मिनिटांनी एखादी गाडी मागून यायची आणि हात करून पुढे जायची.

एवढे घाट असून पडद्यावरचा आकडा 49 च्या खाली येईना. दोन कारणं. एक म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 चे 70 केले की तो सव्वापटीहून जास्त होतो, गाडीचा आकार कितीही निमुळता असो. दुसरं म्हणजे उंची. सहा-सात हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे पाचव्या हिश्शाने विरळ असते, तेवढा विरोध कमी. आपल्याला धाप लागते, गाडीला मोकळं वाटतं. चढावर गेलेलं उतारावर काही अंशी परत मिळतं, कारण हे घाट स्पूनरसारखे लांबलचक नाहीत आणि बॅटरी भरायच्या आत उतार संपतो.

ऑस्टिन हे चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं नि चांदी संपल्यावर उतारवयाला लागलेलं गाव, तेही अक्षरशः उतारावर. गॅसचा (इथे पेट्रोलला गॅसच म्हणतात) भाव फॅलनपेक्षा डॉलरभर जास्त. तरी मी म्हटलं, भरून घेऊ.

"इथे नको. पंपाची फरशी बघ."

फरशी तिरकी होती. या गाडीतला गॅसचा काटा नुसता तरंगणाऱ्या गोळ्यावर चालत नाही, गाडी किती कलली आहे तेही तो मोजतो आणि त्यावरून हिशेब करतो. उतारावर भरलं तर हा हिशेब चुकू शकतो आणि मग पुढचे शंभर-दीडशे मैल काटा भलतंच काहीतरी दाखवत राहतो. थोडंसंच भरलं तर काही वेळा दहा रेघांमधली एकही हलत नाही. म्हणून मावशीचे दोन नियम: सपाट जागी भरायचं, आणि भरायचं तर बऱ्यापैकी भरायचं. काट्याकडे ती बघतेच कमी. तिचा भरवसा ट्रिपमीटरवर, तो प्रत्येक वेळी भरल्यावर शून्यावर आणायचा.

गावाच्या कडेला स्टोक्स कॅसल, 1897 मध्ये बांधलेला तीनमजली दगडी मनोरा. एका खाणमालकाच्या कुटुंबाने हौसेने बांधला आणि जेमतेम वापरला. त्याच्या पायथ्याशी बसून राहिलेला चहा प्यायलो. युरेकाला पोचेपर्यंत अंधार पडला आणि थंडी पडली ती कशी, तर गाडीतून मोटेलच्या दारापर्यंत जाताना नाकातून पाणी यायला लागलं.

सोमवार: युरेकातली सकाळ, मग ग्रेट बेसिन

सकाळी सात वाजता 15 अंश. उणे 9 सेल्सिअस. काचेवर बर्फाची नक्षी. मावशीने बटण दाबलं तेव्हा इंजिन लगेच लागलं नाही, आधी कुठेतरी पंप फिरल्याचा बारीक आवाज आला. अमेरिकेत विकलेल्या या पिढीच्या प्रियसमध्ये इंजिनातलं गरम पाणी साठवून ठेवणारा मोठा थर्मास असतो, तो पाणी तीन दिवसांपर्यंत गरम ठेवू शकतो. सकाळी ते आधी इंजिनात सोडलं जातं, म्हणजे गार इंजिनाचा पहिला धूर कमी होतो. तरीही पहिल्या पाच मिनिटांचा खांब 22 चा. गाडी उभी असतानाही इंजिन चालूच, कारण हीटरला लागणारी ऊब इंजिनाकडूनच येते. थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांचा ॲव्हरेज का कोसळतो याचं उत्तर या पहिल्या दोन खांबांत आहे.

पंप सपाट जागी होता. फॅलनपासून 181 मैल झाले होते. नेहमीच्या हिशेबाने पावणेचार गॅलन जायला हवे होते. 2.4 गॅलनला नळी खट् करून थांबली.

मी फोनवर भागाकार केला. 75! मावशीला दाखवला. तिने तो बघितलाही नाही.

"टाकी आकसली आहे," ती म्हणाली. "आता सांगते."

अमेरिका-कॅनडात विकलेल्या पहिल्या दोन पिढ्यांच्या प्रियसमध्ये टाकी नुसती पत्र्याची नाही. पत्र्याच्या आत एक लवचीक प्लास्टिकची पिशवी असते, पखाल म्हणा. गॅस भरला की ती फुगते, संपत आला की आवळत जाते. म्हणजे गॅसच्या वर रिकामी जागा उरत नाही, आणि जागा नाही तर वाफही साठत नाही. कॅलिफोर्नियाचे वाफेच्या प्रदूषणाचे नियम फार कडक, त्यांच्यासाठी केलेली ही युक्ती. जपान-युरोपातल्या त्याच गाड्यांत साधी टाकी आहे, आणि 2010 पासूनच्या तिसऱ्या पिढीत ही पिशवी इथेही गेली.

अडचण एकच. प्लास्टिक गारठलं की कडक होतं आणि पुरतं फुगत नाही. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेतच लिहिलंय की 25 अंश सेल्सिअसच्या मानाने उणे 10 ला या टाकीत सुमारे 5 लिटर, म्हणजे 1.3 गॅलन कमी मावतं. मावशीने ते पान दुमडून ठेवलंय. फॅलनला 18 अंशांत आम्ही जेवढं भरलं होतं तेवढं युरेकात मावणं शक्यच नव्हतं. पावणेचारमधून ते सव्वा-दीड वजा करा, 2.4 येतात.

आणि काटा? दहाच्या दहा रेघा. टाकी भरली असं तोही म्हणत होता, त्याच्या परीने खरंच.

अशा वेळी हात शिवशिवतात. नळी थांबली तरी अजून थोडं, अजून थोडं असं दाबत राहावंसं वाटतं. ते करू नका. पिशवीत जागा नसेल तर जादाचा गॅस वाफेच्या नळ्यांतून वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यापर्यंत जातो आणि तो डबा खराब झाला की दुरुस्तीचा खर्च प्रवासापेक्षा मोठा. पहिल्या खट्ला थांबायचं.

युरेकाचं 1880 चं ऑपेरा हाउस बाहेरूनच पाहिलं, इतक्या लवकर ते उघडणार नव्हतं. ईलीत न थांबता दुपारी बेकरला. बेकर म्हणजे मूठभर घरं आणि पलीकडे काही मैलांवर युटाची हद्द. पुढे युटात जाणार असाल तर पंपावर 'रेग्युलर' लिहिलेलं बटण दाबण्याआधी आकडा वाचा. रॉकी पर्वताकडच्या उंच राज्यांत रेग्युलर बऱ्याचदा 85 ऑक्टेनचा असतो आणि या इंजिनाला 87 सांगितलाय.

पार्कमधला व्हीलर पीक सीनिक ड्राइव्ह 12 मैलांत जवळपास 10,000 फुटांवर नेतो. आकाश स्वच्छ, रस्ता कोरडा, आणि वर पार्किंगमध्ये तीनच गाड्या. तिथून पायवाटेने ब्रिसलकोन पाइनच्या राईत जाता येतं. ही झाडं पाहिल्यावर जिवंत आहेत यावर विश्वास बसत नाही: पिळवटलेलं, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेलं खोड, आणि एका बाजूला तेवढी हिरव्या सुयांची फांदी. याच डोंगरावरचं प्रोमिथियस नावाचं झाड 1964 मध्ये संशोधनासाठी कापलं गेलं. कड्या मोजल्यावर वय निघालं साधारण 4,900 वर्षं. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोजायचं म्हणून कापायचं नसतं." धाप लागत होती म्हणून की काय, आवाज जरा चिरकला.

मंगळवार: बर्फ, गुहा, ईली

रात्रीत बर्फ पडला. सकाळी सीनिक ड्राइव्हचं फाटक बंद होतं, आणि आदल्या दिवशी वर जाऊन आलो याचा आनंद आम्ही फाटकासमोर उभ्या असलेल्या एका कुटुंबापासून लपवू शकलो नाही. ऑक्टोबरअखेर येणार असाल तर वरचा रस्ता पहिल्याच दिवशी करून टाका.

लेहमन केव्ह्जची तिकिटं आधी काढून ठेवली होती, तशी ठेवाच. गुहेत बारा महिने 50 अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं, सेल्सिअस 10. बाहेर गोठवणारी थंडी आणि आत चक्क उबदार. भिंतींतून तिरप्या निघालेल्या ढालीसारख्या चकत्या या गुहेची खासियत, रेंजरबाई टॉर्चने एकेक दाखवत होत्या. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, पंपाखालच्या टाक्याही अशाच. लोक पहाटे गॅस भरतात, गार गॅस दाट असतो म्हणून जास्त मिळतो असं समजून. पण जमिनीखालच्या टाकीत दिवसरात्रीचा फरक पोचतच नाही, पहाटेचा गॅस दुपारइतकाच गार. आणि या गाडीत तर पहाटे भरण्याने उलट कमी मावतं.

दुपारी ईली. ऊन पडलं होतं, 60 अंश. युरेकापासून 243 मैल, आणि नळी थांबली 6.5 गॅलनला. भागाकार 37.

आता माझ्याही डोक्यात प्रकाश पडला होता. 75 हा आकडा खोटा, 37 हाही खोटा. सकाळी आकसलेली पिशवी दुपारी सैलावली आणि युरेकात न मावलेला गॅस ईलीत मावला, एवढंच. दोन्ही मिळून 424 मैल, 8.9 गॅलन, 47.6. हा आकडा विश्वासाचा. साध्या टाकीच्या गाडीत 'भरा, चालवा, पुन्हा भरा, भागा' ही रीत एका टाकीतही बऱ्यापैकी चालते. या गाडीत एका टाकीचा ॲव्हरेज नुसती करमणूक आहे. निदान चार-पाच टाक्यांचे मैल आणि गॅलन एकत्र बेरजेला घ्यायचे, आणि मगच गाडीला नावं ठेवायची किंवा कौतुक करायचं. जुनी हायब्रिड विकत घेणाऱ्यांना तर हे फार लागू. 'बॅटरी गेली, कालपर्यंत 50 देत होती, आज 38' असं म्हणत घाबरण्याआधी बेरीज करून बघा. पडद्यावरचा आकडाही थोडा खुशामती असतो, मावशीच्या गाडीत तरी एक-दोन मैल नेहमी जास्त.

ईलीतलं 1929 चं हॉटेल नेवाडा, त्याच्या खालच्या मजल्यावर गरम सूप. जुन्या रेल्वेच्या शेडमध्ये वाफेचं इंजिन साफ करणारा एक तरुण भेटला. त्याने मावशीला तासभर बॉयलर समजावला आणि तिने त्याला पाण्याच्या क्षारांबद्दल दोन गोष्टी सुनावल्या. दोघंही समाधानी दिसले.

बुधवार: वाऱ्याच्या तोंडावर

ईली ते फॅलन एका दमात. पश्चिमेचा वारा दिवसभर समोरून, सेजब्रश आडवं झोपलेलं. मावशीने 55 वर चालवली तरी खांब चाळिशीच्या फारसे वर जाईनात. 60 ने जाताना समोरून 20 चा वारा आला तर हवेच्या दृष्टीने तुम्ही 80 ने चाललेले असता.

या रस्त्यावर काट्याची शेवटची रेघ लुकलुकेपर्यंत वाट बघणं म्हणजे वेडेपणा. हायब्रिड आहे, गॅस संपला तर बॅटरीवर जाईल, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. जाईल, पण थोडंसंच, आणि ती मोठी बॅटरी पार खाली गेली तर जंपर केबलने ती भरता येत नाही. मावशीचा ठोकताळा असा: उन्हाळ्यात 400 मैलांना पंप शोधायचा, हिवाळ्यात 300 ला. हिवाळ्यात टाकी साडेनऊ-दहाचीच धरायची, त्यातले दोन गॅलन नाहीतच असं समजायचं, आणि उरलेल्याला वाऱ्यातल्या चाळीसने गुणायचं. माझ्या शनिवारच्या साडेपाचशेचं हे असं झालं.

फॅलनला 262 मैल, 6.3 गॅलन, 41.6. रकान्यात: 'वारा'. आदल्या पानांवर हा शब्द इतक्यांदा होता की तिने नुसता 'वा' लिहिला असता तरी चाललं असतं.

गुरुवार: घरी

सिएरा पुन्हा चढलो, पण सॅक्रामेंटोकडची बाजू लांब आणि खोल, त्यामुळे परतीला हिशेब आपल्या बाजूचा. घरापाशी 192 मैल, 3.7 गॅलन. जवळपास 52. पडद्यावर तर 54 झळकत होते. मी म्हटलं, बघ, नवी असताना ईपीएने, म्हणजे सरकारच्या पर्यावरण संस्थेने, हिला 55 दिले होते, तेवढी देते आहे अजून.

"ते 55 प्रयोगशाळेतले. शहरात 60, हायवेला 51. 2008 पासून ईपीएने चाचणीच बदलली. जास्त वेग, एसी, थंडी हे सगळं धरलं. तेव्हा हीच गाडी 48 आणि 45 वर आली. मिळून 46." सांगता सांगता ती स्वयंपाकघराच्या टेबलावर वही उघडून बेरीज करत होती. 1,069 मैल. 23 गॅलन.

46.5.

गारठा, घाट, वारा, दहा टक्के इथेनॉल मिसळलेला गॅस (त्यानेच सुमारे 3 टक्के ऊर्जा कमी होते) आणि इतक्या वर्षांची बॅटरी, एवढं सगळं धरून. मावशीने आकड्याखाली एक रेघ ओढली, रकाना कोरा ठेवला, आणि म्हणाली, "उद्या सकाळी गाडी गार असताना टायरमधली हवा बघ. पुढे 35, मागे 33. दर दहा अंश फॅरनहाइट थंडीला एक पाउंड उतरते, आणि तू काही युरेकात खाली वाकली नव्हतीस."